जाऊबाईंचं कालचं जेवण

आमच्या जाऊबाईंना कँटीन मिळणार की नाही हे ज्या दिवशी ठरायचं होतं, त्या दिवशी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चेकिंगच्या टेबलावर मी एकच शर्ट पुन्हा पुन्हा उलटापालटा करून 'पास'च्या ढिगात टाकला, आणि त्याला वरून दुसरं बटणच नाही हे शेजारणीने दाखवून दिलं. "आज तू नुसती बस," ती म्हणाली. पण बसवतंय कुणाला?

जाऊबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. घर एकच, त्या खाली आणि आम्ही वर. कारखानाही एकच. जाऊबाई शर्टांच्या कॉलरी शिवतात, मी तयार शर्ट तपासते, आणि माझा नवरा पलीकडच्या हॉलमध्ये इस्त्रीच्या टेबलावर असतो. घरी जे भांडण अर्धं राहिलं असेल ते कारखान्यात पूर्ण करता येतं, एवढी आमची सोय आहे.

तर या जाऊबाई आठवड्यातून दोनदा स्वयंपाक करतात. फार तर तीनदा. बाकीचे दिवस कालचं, परवाचं, आणि त्या दोघांचं लग्न लावून झालेलं काहीतरी तिसरं. आणि हे त्या चारचौघांत बिनदिक्कत सांगतात. आमच्या कारखान्यात कुठल्याही बाईला विचारा, ती छातीठोकपणे सांगेल, "आमच्याकडे दोन्ही वेळा ताजं. शिळं दारात नाही चालत." मीसुद्धा तेच सांगायची, आणि जरा जास्तच ठसक्यात सांगायची, कारण आमच्या ह्यांना कालचा भात नुसता दिसला तरी भूक मरते. जाऊबाईंना कुणी विचारलं, "आज काय केलंत?" की त्या डबा उघडत म्हणायच्या, "आज काही नाही केलं. कालचंच आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माणसाने थोडं खोटं बोलायला काय हरकत आहे?

पण गंमत अशी, की त्या 'कालचंच आहे' म्हणेपर्यंत आजूबाजूचे पाच-सहा चमचे त्यांच्या डब्यात उतरलेले असायचे. शिवण विभागातल्या सगळ्या बायका आपापला ताजा डबा बाजूला सारून या बाईच्या कालच्यावर तुटून पडायच्या. जाऊबाईंना स्वतःला पुष्कळदा माझ्या डब्यातलंच खावं लागायचं. खायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं आहे गं. उद्या अजून चांगलं लागेल."

ही विद्या त्यांना ट्रकने शिकवली. माझे थोरले दीर ट्रक चालवतात. येतो म्हणाले तर येतीलच असं नाही, आणि येत नाही म्हणाले तर येणारच नाहीत असंही नाही. नव्या नवरीने रोज एका माणसाचं जास्त रांधायचं आणि रोज वाट बघायची. पहिल्यांदा ते आले नाहीत तेव्हा त्या भाताच्या पातेल्यापुढे बसून रडल्या, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलंय. दुसऱ्या दिवशी त्याच भातात उकडलेला बटाटा कुस्करून, भरपूर कांदा घालून, चपट्या टिक्क्या करून त्यांनी तव्यावर कडक भाजल्या. नेमके दुपारी हे महाशय हजर. खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाले, "हेच उद्या कर." उद्या त्यांनी ताजा भात लावून, ताजे बटाटे उकडून अगदी तस्संच केलं, आणि ते तस्सं झालं नाही. तेव्हापासून आजतागायत जाऊबाईंना एकदा केलेला पदार्थ पुन्हा करता आलेला नाही. कारण मागच्या वेळी जे उरलं होतं ते पुन्हा त्याच मापाने उरायला हवं ना.

मात्र त्यांचे नियम कडक. उरलेलं निवलं की लगेच झाकून फ्रीजमध्ये. बाहेर काढलं की आधी हुंगायचं, मग चाखायचं, शंका आली की फेकायचं, त्यात मायामोह नाही. आणि ताटातलं उष्टं वेगळं, पातेल्यातलं उरलेलं वेगळं. "ही दोन एकच समजणाऱ्या माणसाला मी वाढतच नाही," असं त्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणायच्या. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

असं सगळं हसत-खेळत चाललेलं असताना त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. काळ्या कापडावर काळा दोरा त्यांना दिसेना. मला ते पहिल्यांदा कळलं, कारण त्यांच्या कॉलरी माझ्याच टेबलावर येतात. टीप सरळ चालता चालता मध्येच रस्ता चुकायची. मी उसवून परत पाठवायची, त्या पुन्हा शिवायच्या, पुन्हा तेच. चष्मा बदलला, परत बदलला, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, बारीक काम सोडा. सोडा म्हणजे काय? कॉलर सोडली तर कारखाना सोडल्यासारखंच, आणि ज्या बाईला दिवसभर दहा माणसांशी बोलल्याशिवाय श्वास येत नाही, तिने घरात बसून ट्रकची वाट बघायची. त्या वरवर हसत होत्या, पण डबा आणायचं विसरायला लागल्या होत्या. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तेवढ्यात कँटीनचा म्हातारा आचारी काम सोडून मुलीकडे राहायला गेला. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, आता बाहेरून तयार डबे मागवू. ते डबे आम्ही एकदा खाल्ले होते. झाकण आणि जेवण यांत झाकण बरं होतं. शिवण विभागातल्या बायका घोळक्याने ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, कँटीन आमच्या कॉलरवाल्या ताईंना द्या. मॅडम मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी जाऊबाईंना नखशिखान्त बघितलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस करून दाखवा. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की मी येऊन पातेली बघेन. लोकांनी खाल्लं तर काम तुमचं. उरलेलं दिसलं तर बाहेरचे डबे."

झालं, घोडामैदान जवळच होतं. पहिल्या दिवशी मी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मदतीला गेले. कँटीनचं स्वयंपाकघर धुऊन लख्ख केलेलं. नवा तांदूळ, बटाटे, हिरवेगार वाटाणे, कांदे, लसूण, ताजा पाव, सगळं टेबलावर मांडलेलं. आणि जाऊबाई मोठ्या फ्रीजचं दार उघडून आत बघत उभ्या. आत काय होतं? काहीच नाही. नवा कोरा फ्रीज.

"ताई, काय झालं?"

"यात काहीच नाही गं."

"अहो, एवढं सगळं सामान आलंय की."

"ते दिसतंय मला. पण सुरुवात कुठून करू?"

इतक्या वर्षांत ही बाई रिकाम्या हाताने कधी स्वयंपाकाला लागलीच नव्हती. घरी नवा भात लावला तरी त्यात कालच्या रश्श्याचा एक डाव पडायचा, नव्या भाजीत परवाची दोन चमचे मिसळायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

व्हायचं तेच झालं. त्या दिवशीचं जेवण वाईट नव्हतं. मीठ होतं, तिखट होतं, शिजलेलंही नीट होतं, फक्त चव रजेवर गेली होती. बायकांनी प्रेमापोटी खाल्लं, इस्त्रीवाल्यांनी अर्ध्यावर ताटं सारली, कापणी विभागातल्या पोरी "छान होतं हं ताई" असं इतक्या लांबून म्हणाल्या की मलाच कसंतरी झालं. माझा नवरा हात धुताना पुटपुटला, "वहिनींचा हात आज हरवला." मी त्याच्याशी भांडले, पण तोंड पाडूनच भांडले. पातेली निम्मी भरलेली होती.

मी आत गेले ती जाऊबाईंचे डोळे पुसायच्या तयारीने. आणि बघते तर काय, या एकेका पातेल्याचं झाकण उचलून आत डोकावतायत आणि चेहरा असा फुललेला, जणू माहेरून कुणी आलंय.

"बघ, किती उरलंय," त्या म्हणाल्या.

"ताई, हे उरलंय म्हणून तर आपलं बुडालंय."

"अगं आज उरलंय. मॅडम बघणार उद्या." त्यांचे हात सुरूसुद्धा झाले होते. भात पसरट ताटांत काढून निववायला ठेवला, बटाटे वेगळे, वाटाण्याचा रस्सा वेगळा, पाव कापडात गुंडाळलेला. "उद्या बघ तू. उद्या माझा दिवस आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लगेच दुसरी धडकी भरली. लोकांना कालचं वाढणार? जे लोक घरी शिळं दारात चालत नाही म्हणून शपथा घेतात त्यांना? मी म्हटलं, "वाढा, पण गुपचूप वाढा. कुणाला सांगू नका. तुमच्या हातचं आहे, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"गुपचूप खाण्यासारखं काय आहे त्यात?" त्या म्हणाल्या.

माझ्याजवळ याचं उत्तर होतं, पण ते द्यायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या कितीतरी आधी वास सुटला. आधी तव्यावर कडक होणाऱ्या कांद्याचा, मग लसणाचा, मग अशा कशाचा तरी, की मशीनवरच्या बायकांनी पायाखालची पट्टी सोडली आणि माना वर केल्या. एरवी शिवण विभागात मशीनच्या आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी दोन-चार मशीन आपोआप थांबली आणि कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, हे काय आहे?" माझ्या अंगावर काटा आला. जमलं, बाईला जमलं. मी चुकून तीन चांगले शर्ट 'नापास'मध्ये टाकले आणि मग ते परत काढत बसले.

तेवढ्यात कापणीतली एक पोरगी धावत आली. "फळा बघितलास का? तुझ्या जावेनं काय लिहिलंय बघ."

कँटीनच्या दाराशी रोजचं जेवण लिहायचा एक फळा आहे. मी सुटले ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत. फळ्यावर जाऊबाईंच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'आज: कालचा भात, कालचे बटाटे, कालचे वाटाणे, कालचा पाव. सगळं आज पुन्हा केलेलं.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बाही ओढून पुसायला गेले, तर आतून आवाज आला, "हात लावू नकोस." आणि तोपर्यंत भोंगा वाजला होता, रांग लागायला सुरुवात झाली होती, आणि वाचणारे वाचत होते. कुणी हसलं. कुणी नाक मुरडलं. दोघी-तिघी मागे वळून आपला डबा आणायला निघाल्या. रांगेच्या अगदी पुढे इस्त्रीवाले, आणि त्यांच्यात सर्वांत पुढे, दुसरा कोण असणार, माझा नवरा.

"वहिनी," तो ट्रे हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही शिळ्या कढीला ऊत आणायची काय हौस? लोक दिवसभर उभे राहून काम करतात. माझ्या घरी कालचं चालत नाही बरं का. रोज ताजं असतं. विचारा हिला."

'हिला' म्हणजे मला. मी फळ्यापाशी, बाही हातात धरून उभी.

जाऊबाईंनी डाव खाली ठेवला नाही. "ताजं असतं हे मला ठाऊक आहे, भाऊजी. मी खालीच राहते, कांदा परतल्याचा वास दोन्ही वेळा येतो मला. पण तुमच्या घरी उरत नाही का कधी?"

"उरतं की. उरणार नाही का?"

"मग जातं कुठे?"

हा प्रश्न त्याला लग्नानंतर कधी पडलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. "फेकत असेल," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "फेकतेस ना?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. सगळी नाही. काज-बटणवाली काकू एकदम आपल्या ट्रेकडे बघत होती. कापणीतली एक बाई छताकडे बघत होती. माझ्या शेजारणीने पदराशी चाळा सुरू केला. मला तेव्हा कळलं की या सगळ्या जणींना उत्तर माहीत आहे. 'हो' म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती आणि जाऊबाईंचं कँटीन गेलं असतं.

"मी फेकत नाही," मी म्हटलं. "मी खाते."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही उठायच्या आधी. ओट्यापाशी उभी राहून."

"गार?"

"गारच. पातेल्यातूनच. गरम केलं तर वास सुटेल, आणि ताट घेतलं तर एक भांडं वाढेल."

मी मनात म्हटलं, संपलं, आता घरी जाऊन याचं काय होईल ते होवो. आणि काज-बटणवाली काकू, जी वर्षानुवर्षं 'आमच्याकडे दोन्ही वेळा ताजं' म्हणून नाकाने कांदे सोलत आली होती, ती ट्रेकडे बघतच म्हणाली, "मीपण."

"मी तर फ्रीजचं दार उघडं ठेवूनच खाते," माझी शेजारीण म्हणाली. "आतला दिवा असतो, वेगळा लावावा लागत नाही."

"आमच्या सासूबाई आणि मी वाटून घेतो," मागून आवाज आला. "एकमेकींना न सांगता."

आणि मग जे हसू फुटलं, बाई गं. आधी एका कोपऱ्यात, मग रांगभर, मग ट्रे एकमेकांवर आपटेपर्यंत. काकूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. डबा आणायला गेलेल्या दोघी-तिघी काय झालं ते बघायला परत आल्या आणि रांगेत घुसायला लागल्या, त्यावरून वेगळं भांडण.

माझा नवरा मात्र हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि लग्नापासून त्याने मला इतका वेळ कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मग त्याने ट्रे पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाला, "वाढा, वहिनी."

काय वाढलं म्हणून सांगू! बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ अशा भात-बटाट्याच्या टिक्क्या. आटवून घट्ट केलेले वाटाणे, त्यावर लसूण कडक परतून ओतलेला आणि वरून लिंबू. पावाचे तुकडे तव्यावर लाल केलेले, ते त्या वाटाण्यांत बुडवायचे. काल या सगळ्याला चव नव्हती असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. इस्त्रीवाले पुन्हा रांगेत उभे राहिले. माझा नवरा पुन्हा उभा राहिला, आणि जाऊबाई त्याला म्हणाल्या, "भाऊजी, कालचं आहे बरं का," तर तो म्हणाला, "वाढा हो, किती बोलाल."

मी वाढायला आत उभी राहिले होते. हात चालत होते आणि डोळे पातेल्यांवर. तळ दिसायला लागला. एक पातेलं संपलं, दुसरं खरवडलं, लोक उठून हात धुवायला गेले, आणि शेवटी राहिल्या दोन टिक्क्या आणि एक डावभर वाटाणे. तेवढ्यात बाहेर मॅडमच्या बुटांचा आवाज.

"ताई, उरलंय," मी म्हटलं. "काय करायचं? आता मॅडम बघतील."

जाऊबाईंनी एक ताट घेतलं, टिक्क्या तव्यावर एकदा फिरवून गरम केल्या, वाटाणे वाढले, लिंबू पिळलं आणि ताट माझ्या हातात दिलं. "तू कुठे जेवलीस?"

मी ते ताट घेऊन सवयीने मोरीच्या कट्ट्यापाशी गेले आणि उभ्या उभ्याच पहिला घास मोडला.

"बस," जाऊबाई म्हणाल्या.

"इथेच खाते पटकन. मॅडम आल्या."

"आल्या तर येऊ देत. बसून खा."

मी इकडेतिकडे बघत होते, तर माझ्या नवऱ्याने येऊन बाक पुढे ओढला. बाक पुसला, आपल्या रुमालाने, आणि तिथेच थांबला. मी बसले.

मॅडम आत आल्या. त्यांनी फळा वाचला होता, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. एकेक पातेलं त्यांनी वाकून बघितलं, तव्यावर नजर टाकली, फ्रीजचं दार उघडून आत बघितलं. आत काहीच नव्हतं. माझा घास तोंडात तसाच राहिला.

"उरलं नाही?" त्या म्हणाल्या.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. आणि मला वाटलं आता तरी त्या गप्प बसतील, तर छे. "थोडं उरायला हवं होतं, मॅडम. आता उद्या मी सुरुवात कुठून करू?"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग माझ्या ताटाकडे. "उद्यापासून कॉलरी शिवू नका," त्या म्हणाल्या. "आणि उद्या माझंही ताट ठेवा."

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर कुणीतरी बातमी फोडली आणि शिवण विभागातून असा ओरडा उठला की भोंगा वाजलेला कुणाला ऐकू आला नाही. जाऊबाई तव्यावर पाणी ओतून पाठमोऱ्या उभ्या होत्या, खांदे हलत होते, आणि मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. मला उठून त्यांना मिठी मारायची होती, टेबलावर शर्टांचा ढीग वाट बघत होता, आणि नवरा समोर उभा राहून मी खाते आहे का ते बघत होता. पण ताटात अजून दीड टिक्की होती, गरम होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी कालचं अन्न बसून खात होते. मी सावकाश जेवले.